पिवळ्या गोळ्यांचा डबा

बालमणी गेल्याचं गल्लीला अंबादासने सांगितलंच नाही. तो दवाखान्यातून रिक्षाने आला आणि रिक्षातून त्याने ऑक्सिजनचं यंत्र उतरवलं. नळी गुंडाळून खांद्यावर टाकली. शववाहिका मागून येत होती, लेक श्रीलता तिच्यात आईपाशी बसली होती. गेली दोन वर्षं ते यंत्र बालमणीपासून कधी लांब गेलं नव्हतं. ती न्हाणीत गेली तरी नळी दाराच्या फटीतून आत जायची. ते एकटंच घरी आलेलं बघून समोरच्या ओट्यावर विड्या वळत बसलेल्या राजव्वाने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. ती उठून आली, त्याच्या हातातून यंत्र घेतलं आणि म्हणाली, "चल अन्ना, आत बस. आधी पाणी पी."

मग एकेका ओट्यावरचं सूप खाली गेलं. त्या दिवशी त्या गल्लीत पुढे विडी वळली गेली नाही.

त्यानंतरच्या काही वर्षांत सोलापूरच्या पूर्व भागातले विडीचे कारखाने एकेक करून बंद झाले. यंत्रमागही बदलले. अंबादास वडनाल जन्मभर मागावर जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा. माग कुठे अडला ते त्याला आवाजावरून कळायचं. नव्या मागांना आवाजच नव्हता. तो त्यांना मुके म्हणायचा आणि त्यांच्याकडे फिरकत नसे.

विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतल्या त्याच्या दोन खोल्यांना अजून तंबाखूचा वास होता. चाळीस वर्षांचा वास, भिंतीत मुरलेला. श्रीलताने रंग काढू या म्हटलं की तो काहीतरी निमित्त सांगून पुढे ढकलायचा. पावसाळा होऊ दे, मग दिवाळी होऊ दे. ह्याच तंबाखूच्या धुळीने बालमणीची फुफ्फुसं सुकवली, हे त्याला माहीत होतं. डॉक्टरांनी तेव्हाच चित्र दाखवलं होतं. मऊ स्पंजासारखी असायला हवीत ती फुफ्फुसं आतून जून झाली होती, शिळ्या भाकरीसारखी. तरी वास तिचा होता. ती कारखान्यातून तंबाखू घेऊन यायची तेव्हा तिच्या पदराला यायचा तोच.

श्रीलताचं सासर दोन गल्ल्या पलीकडे. ती शाळेचे गणवेश शिवते. एक दिवस ती बापासाठी शेंगाचटणी घेऊन आली. चार पायऱ्या चढून आली आणि खोकली. कोरडा, छोटा खोकला, घशाच्या वरच राहणारा. तिने तो गिळून टाकला आणि बोलायला लागली. अंबादासच्या कानाला तो खोकला पुरेसा होता.

"कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

"काय? हा होय? कापडाचे तंतू जातात हो नाना नाकात."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहिला आणि तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर होत्या फरझाना मणियार. सोलापूरच्याच. रोग्याचं नाव विचारायच्या आधी जेवलात का विचारणाऱ्या. त्यांनी तपासण्या केल्या आणि श्रीलताच्या फुफ्फुसाचं चित्र पडद्यावर लावलं. खालच्या कडेला पांढरी जाळी दिसत होती. श्रीलता लहानपणी आईच्या शेजारी बसून पानं कातरायची, तिच्या पाळण्याखाली तंबाखूची परात असायची. तेव्हाची धूळ होती ती. अजून सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. अंबादासने औषध विचारलं. त्यांनी पडद्याकडे तोंड करून सारासारला विचारलं.

सारासार आता सगळ्यांना माहीत आहे, पण अंबादासला त्याच्याशी कधी काम पडलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. जगात औषधांचे प्रयोग रोज होतात. काही चोख, काही घाईचे, काही कुणाला तरी हवे तसे वळवलेले. पूर्वी ते सगळे वाचून औषध लागू पडतं की नाही हे ठरवायला विद्वानांना वर्षं लागायची, आणि तोवर रोगी आणि प्रयोग दोन्ही पुढे गेलेले असायचे. सारासार हे यंत्र झाडून सगळे प्रयोग वाचतं आणि प्रत्येकाला वजन देतं. माणसं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली होती का? एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी, पण कुणाला कुठली हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं ना? अर्ध्यावर सोडून किती गेले? गोळ्या नेमाने घेतल्या का? प्रयोग जितका चोख तितकं त्याचं वजन जास्त. सगळी वजनं तोलून यंत्र एक शब्द सांगतं. सार, असार, नाहीतर अनिर्णित. आणि तो शब्द कायमचा नसतो, नवा पुरावा आला की बदलतो.

त्याने पुष्कळ भलं झालं होतं. गरज नसताना होणाऱ्या शस्त्रक्रिया थांबल्या होत्या. नुसत्या जाहिरातीवर खपणारी औषधं दुकानांतून गेली होती. नियमच होता, असार ठरलेलं औषध सरकारी दवाखान्यात द्यायचं नाही.

"एक औषध होतं काका," डॉक्टर म्हणाल्या. "पिवळ्या गोळ्या. त्यांच्याकडून फार आशा होती. पण असार निघालं."

अंबादासने मान वर केली. "कशावरून?"

"प्रयोगावरून. पाच ठिकाणी झाला. चार ठिकाणी थोडा फायदा दिसला, पण तिथे लोकांनी गोळ्या धड घेतल्याच नव्हत्या, कितीतरी जण सोडून गेले होते. म्हणून त्यांचं वजन कमी. पाचवं ठिकाण आपलं सोलापूर. तुमचं घरकुलच. इथे एक बाई सोडून गेली नाही, एक गोळी चुकली नाही. असं जगात घडत नाही काका. मी शिकत होते तेव्हा आमचे सर वर्गात सांगायचे, सोलापूरच्या विडीवाल्या बघा." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. "त्यामुळे सोलापूरचं वजन सगळ्यांत जास्त. आणि सोलापुरात खऱ्या गोळीत आणि रिकाम्या गोळीत फरक काहीच निघाला नाही."

श्रीलताने बापाकडे बघितलं. तो खाली बघत होता.

तो प्रयोग झाला तेव्हा गल्लीत प्रत्येक ओट्यावर पाच-सात बायका बसायच्या. अंबादासच्या ओट्यावर बालमणी, राजव्वा, सत्यव्वा, भूलक्ष्मी आणि पलीकडची अनसूया. दुपारी तो रात्रपाळीची झोप काढून उठायचा तेव्हा त्याला आधी कात्र्यांचा आवाज ऐकू यायचा. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, भोवती कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. बोटं इकडे आणि तोंड तिकडे. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या नवऱ्याचं, तेलुगूत सुरू झालेलं मराठीत संपायचं. बालमणी नकला करायची. कारखान्यातला मुकादम विड्या तपासताना नाकावरचा चष्मा कसा वर करतो, ते ती दोऱ्याची रिळं डोळ्यांना लावून दाखवायची. अंबादासला त्या बायकांत बसायला लाज वाटायची, म्हणून तो उंबऱ्याच्या आत बसून ऐकायचा.

त्यांची एक रीत होती. कारखान्यात रोजच्या हजार विड्या द्याव्या लागत. कमी पडल्या की मुकादम सगळं सूपच परत करायचा. म्हणून जिच्या घरी पोर आजारी, जिला दम लागलेला, तिच्या सुपात बाकीच्या आपापल्यातल्या मूठमूठ विड्या टाकायच्या. ह्याला त्या भर घालणं म्हणत. कुणी मागत नसे आणि कुणी उपकार मानत नसे. आज तुझी कमी, उद्या माझी. अंबादासला आठवतं तेव्हापासून ते असंच होतं. त्याच्या आईच्या सुपातही भर पडलेली त्याने पाहिली होती.

त्या बायकांपैकी बहुतेकींच्या छातीत धूळ साठायला लागली होती. मोठे डॉक्टर आले, समाजमंदिरात बायकांना बसवून त्यांनी प्रयोग समजावला. काही लपवलं नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणींना खरं औषध मिळेल, निम्म्या जणींना नुसती पिवळी गोळी. कुणाला कुठली हे आम्हालाही माहीत नाही. वर्षभराने बघायचं, कुणाचा दम कमी घटला. बायकांनी माना डोलावल्या, अंगठे आणि सह्या दिल्या, प्रत्येकीला तिच्या नंबराची बाटली मिळाली.

दुपारी ओट्यावर कात्र्या गप्प होत्या. अंबादास आत टेबलफॅन उघडून बसला होता, त्याने सगळं ऐकलं. सत्यव्वा म्हणाली की आपलं नशीब बघता आपल्याला रिकामीच आली असणार. भूलक्ष्मी म्हणाली, मग सांगून तरी कशाला टाकलं मेल्यांनी. मग बालमणी आत आली, फडताळातून लाडवांचा स्टीलचा डबा काढला, पुसला आणि बाहेर नेऊन ओट्यावर ठेवला.

"ओता ह्यात," ती म्हणाली.

"काय?"

"बाटल्या. हजार भरत नाहीत तेव्हा काय करतो आपण? विडीत चालतं ते गोळीत का चालू नये?"

"डॉक्टर मोजणारेत की गं," अनसूया म्हणाली.

"मोजू देत. सगळ्यांच्याच बाटल्या रिकाम्या जातील."

राजव्वाला ते पटलं, पण शंका होती. "आणि माझ्या हाताला रोज रिकामीच लागली तर?"

"तर समज, मागल्या जन्मी तू मुकादम होतीस," बालमणी म्हणाली, आणि ओटाभर हसू फुटलं. बाटल्या डब्यात रिकाम्या झाल्या.

रोज सकाळी चहा झाला की बालमणी डबा खळाखळा हलवायची. एकेक बाई डोळे मिटून एक गोळी उचलायची. कुणी आली नाही तर गल्लीभर तिच्या नावाचा पुकारा व्हायचा. त्या डब्याचा बोलबाला तंबाखूच्या रांगेत झाला आणि महिन्याभरात घरकुलातल्या ओट्याओट्यावर एकेक डबा आला. म्हणून सोलापुरात एकही गोळी चुकली नाही. अंबादासला तेव्हा बायकोचा अभिमान वाटला होता. आपली बाई न्यायाची आहे, असं त्याच्या मनात आलं होतं.

दवाखान्यातून परत येताना त्याला सगळं उमगलं होतं. त्याला शाळा फार नव्हती, पण हे कळायला शाळा लागत नाही. एका घागरीत साखरेचं पाणी आहे, दुसरीत साधं. दोन्हींची चव घेऊन सांगायचं की साखर गोड असते का. कुणीतरी आधीच दोन्ही घागरी एकत्र करून पुन्हा वाटून ठेवल्या. आता दोन्हींची चव एक. चव घेणारा म्हणणार, फरक नाही, म्हणजे साखरेत काही नाही. खोटं कुणीच बोललं नाही. आणि ह्या घागरी भरताना एक थेंब सांडला नव्हता, म्हणून यंत्राने त्यांच्यावर सगळ्यांत जास्त भरवसा टाकला.

त्या ओट्यावरच्या पाचजणींपैकी आता राजव्वा एकटी उरली होती. बाकीच्या गल्ल्यांतल्या बऱ्याच बायकाही गेल्या होत्या, काहीजणी मुलांकडे पुण्याला, भिवंडीला होत्या. पण राजव्वा बोलली तर त्या बोलल्या असत्या. अंबादास तिच्याकडे गेला तेव्हा ती समोरच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत लसूण सोलत होती. छाती बरी होती तिची. अजून दोन जिने चढायची. बालमणी शेवटी शेवटी खाटेवर पडून तिच्या पावलांचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, राजव्वाचा दम सुधारला बघा. हे म्हणताना तिला स्वतःला दोनदा थांबावं लागायचं. पण चेहऱ्यावर समाधान असायचं, जसं स्वतःचंच काही बरं झालं.

अंबादासने श्रीलताचं सांगितलं, मग डब्याचं. राजव्वाचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे आमच्यामुळं औषध बाद झालं म्हण की," ती म्हणाली.

"मी तसं म्हणत नाही."

"तू नाही म्हणणार. लोक म्हणतील. पोरं म्हणतील, आमच्या म्हाताऱ्यांनी औषधाची वाट लावली. इतकी वर्षं सोलापूरच्या बायका शहाण्या म्हणून नाव होतं, तेबी जाईल."

लसणाच्या पाकळ्या ताटलीत पडत राहिल्या. मग तिने सुरी खाली ठेवली.

"अन्ना, एक सांग. हे बाहेर आलं की कुणाची बाटली खरी आणि कुणाची रिकामी, तेबी बाहेर येईल ना?"

"येईल."

"माझी रिकामी निघाली आणि बालमणीची खरी निघाली, तर? तिच्या वाटणीची अर्धी मी खाल्ली. मी बसलेय इथं लसूण सोलत, आणि ती नाही. मी कुठल्या तोंडानं तुझ्या दारावरून जाऊ?"

त्याच्याही मनात दवाखान्यापासून हेच होतं. त्याने फक्त एवढं म्हटलं की मलाही त्याचीच धास्ती आहे, आणि उठला. तिने त्याला थांबवलं नाही. चहाचंही विचारलं नाही. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

दोन दिवस त्याने घरात काढले. सांगितलं नाही तर बालमणी सगळ्यांच्या मनात आहे तशीच राहील. नकला करणारी, न्यायाची, सगळ्यांना भर घालणारी. सांगितलं तर ती औषध बुडवणारी. आणि एवढं करून शेवटी कळणार काय, तर कदाचित हेच, की ती जगू शकली असती आणि तिने आपलं जगणं मूठमूठ करून वाटून टाकलं. पण न सांगावं तर श्रीलताचा खोकला होता. तिसऱ्या दिवशी तो श्रीलताला घेऊन डॉक्टर मणियारांकडे गेला आणि दोघींच्या समोर सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी खुर्ची पडद्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "काका, हे मला नाही, सारासारला सांगायचं." प्रयोगात भाग घेतलेल्याची किंवा त्याच्या घरच्यांची साक्ष यंत्र घेतं, त्यालाही वजन देतं. अंबादासने पडद्यासमोर बसून पुन्हा सांगितलं. यंत्राचा आवाज बाईचा होता, शांत, बँकेतल्यासारखा. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणालं की साक्षीदाराने स्वतः गोळ्या घेतलेल्या नाहीत, साक्ष एकच आहे, म्हणून वजन अल्प.

पण पुढे ते म्हणालं, "ही साक्ष खरी धरून मी आकडे पुन्हा तपासले. गोळ्या निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या असत्या तर सोलापूरच्या सर्व स्त्रियांचा दम इतर गावांतल्या रिकाम्या गोळीवाल्यांपेक्षा कमी आणि खऱ्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त घटायला हवा होता. तो तसाच घटलेला आहे. सोलापूरच्या दोन गटांची तुलना एकमेकांशीच झाली, म्हणून हे आजवर नोंदलं गेलं नाही. तरीही आकडे जुळणं म्हणजे तसं घडणं नव्हे. गोळ्या घेतलेल्या व्यक्तींची साक्ष हवी."

श्रीलता इतका वेळ पदर बोटाला गुंडाळत ऐकत होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "आईने पूर्ण गोळ्या घेतल्या असत्या, आणि त्या खऱ्या असत्या, तर ती वाचली असती?"

"ते सारासारलाही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ते पुष्कळ माणसांचं मिळून सांगतं. एका माणसाचं नाही."

त्याच संध्याकाळी श्रीलता एकटीच राजव्वाकडे गेली. तिने तिथे डब्याचा विषयही काढला नाही, असं नंतर राजव्वानेच अंबादासला सांगितलं. नुसती दोन जिने चढून आली, भिंतीला हात लावून उभी राहिली आणि खोकली. मग खाली बसली, गणवेशांचं, पोरांच्या परीक्षेचं बोलली, राजव्वाच्या पाया पडून गेली. राजव्वा म्हणाली, डोळे मिटले असते तर बालमणीच बसलीय असं वाटलं असतं.

सकाळी राजव्वा अंबादासच्या दारात आली. लग्नाकार्याची साडी नेसली होती, केसांना तेल होतं. "चल," ती म्हणाली. "पण कुणाची बाटली कसली, ते मला सांगायचं नाही. मी मरेपर्यंत नाही."

सारासारसमोर बसल्यावर ती आधी घाबरली, मग तिला राग आला, कारण यंत्र एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत होतं. रोज का? सगळ्याजणी का? डबा किती मोठा होता, हलवायचं कोण, हाताला लागेल ती गोळी घेत होता की निवडून? तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं. कुठल्या गल्लीत कुणाच्या घरी डबा होता ते सांगितलं, कोण कोण हयात आहे तेही सांगितलं. शेवटी यंत्राने विचारलं की आपण हे का केलंत.

राजव्वाला प्रश्नच कळला नाही. तिने डॉक्टरांकडे, मग अंबादासकडे बघितलं.

"का म्हंजे?" ती म्हणाली. "सगळ्याच आजारी होत्या."

यंत्राने ते उत्तर जसंच्या तसं नोंदवून घेतलं. डॉक्टर मणियारांनी चष्मा काढून पुसला.

राजव्वा बोलली तशा बाकीच्या बोलल्या. पुण्याहून, भिवंडीहून फोनवर साक्षी आल्या. एकीने तर डबा अजून घरात आहे, त्यात साखर ठेवते असं सांगितलं. महिना उलटायच्या आत सारासारने सोलापूरचं वजन काढून टाकलं. पिवळ्या गोळीसमोरचा असार हा शब्द गेला. पण सार आला नाही. उरलेल्या चार ठिकाणांचा पुरावा मुळातच कच्चा होता. अनिर्णित, असा शब्द आला.

वर्तमानपत्रात दोन दिवस चर्चा झाली. कुणी लिहिलं की अडाणीपणामुळे औषध इतकी वर्षं अडकलं आणि त्यात किती जीव गेले असतील. कुणी लिहिलं की चूक डॉक्टरांची, त्यांनी त्या बायका कशा जगतात ते बघायला हवं होतं. अंबादासने दोन्ही वाचलं. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं. बालमणीचं नाव कुठेच आलं नव्हतं. राजव्वाने साक्षीत डबा कुणी काढला ते सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून काढला, एवढंच ती म्हणाली होती.

अनिर्णित औषध थेट देता येत नाही, पण त्याचा नवा प्रयोग करता येतो. तो ह्या हिवाळ्यात सुरू झाला, पुन्हा घरकुलातच. ह्या वेळी महिन्याला रक्त तपासतात, गोळी कुणी घेतली ते त्यात दिसतं. आणि समाजमंदिरात डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून राजव्वा बसते. डॉक्टरांचं सांगून झालं की ती बोलते. "वाटू नका गं," ती सांगते. "आम्ही वाटलं. आमच्या पोटी जन्मलेल्यांना ते पुरलं नाही." बायका ऐकतात. राजव्वा सांगते म्हणजे ऐकावंच लागतं.

श्रीलतालाही चिठ्ठीने बाटली मिळाली. ती बापाच्या घरी येऊन सकाळची गोळी घेते, त्याच्यासमोर. शेजारच्या घरातल्या चंद्रकलेलाही बाटली मिळाली आहे, तीही त्याच वेळी आपल्या ओट्यावर गोळी घेते. पहिल्या दिवशी दोघींनी बाटल्या हातात धरून एकमेकींकडे बघितलं, आणि मग दोघींनी नजर काढून घेतली. अंबादास उंबऱ्याच्या आत बसला होता. त्याला वाटलं, बालमणीने हे बघितलं असतं तर तिला अजिबात आवडलं नसतं. तिला समजावायला आपल्याला किती दिवस लागले असते, आणि शेवटी तिने ऐकलं तरी असतं का, ह्याचा तो बराच वेळ विचार करत राहिला.

खोकला आहे तसाच आहे. वाढलेला नाही. त्याचा अर्थ इतक्या लवकर लावू नका, असं डॉक्टर म्हणतात.

जुना प्रयोग रद्द झाल्यावर त्याचे बंद नंबर उघडले गेले. कुणाच्या बाटलीत काय होतं हे जाणून घ्यायचा हक्क आता प्रत्येक घराला आहे. राजव्वाने नको म्हणून सांगून ठेवलं आहे. डॉक्टर मणियारांनी अंबादासला दोनदा विचारलं. घाई नाही काका, म्हणाल्या, तुम्ही विचाराल तेव्हा सांगेन.

श्रीलताच्या बाटलीत काय आहे, ते प्रयोग संपल्यावर कळेल. बालमणीच्या बाटलीत काय होतं, ते आजही विचारता येतं. अंबादासने अजून विचारलेलं नाही.